ओतून दिलेलं पाणी

सर,

आज ऑफिसात नव्या मुलांना शिकवताना तुमची आठवण झाली. प्रोग्रॅममधली मेमरी, म्हणजे कुठली वस्तू धरायची आणि कुठली सोडायची ते, पूर्वी आपल्या हातानं सांभाळावं लागायचं, हे त्यांना खरं वाटत नाही. आता ते आपोआप होतं. मीही फार समजावत बसले नाही. दमले होते.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. अहमदपूरच्या स्टँडमागचा आपला क्लास, त्यातलं एकच धड चालणारं मशीन, आणि खाली चहावाल्याकडे उदगीर जिल्हा होणार की नाही याची रोजची चर्चा. तुम्ही म्हणायचात, जिल्हा नवा झाला तरी टँकर त्योच येणार. शुक्रवारी पुण्याच्या कंपनीला दाखवायचं माझं ॲप चालता चालता बंद पडत होतं. नोकरी हुकली असती तर घरी लग्नाचं ठरवायला सगळे तयारच होते.

मंगळवारी टँकरचा हॉर्न ऐकून मी क्लासच्या ड्रममधलं उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून दिलं आणि ड्रम घासायला घेतला. आमच्या घरी तसंच करायचे. टँकर मात्र पुढच्या गल्लीत गेला आणि सगळा क्लास दिवसभर तहानलेला राहिला. तुम्ही रागावला नाहीत. स्टूल ओढून माझ्याजवळ बसलात आणि सेटर उघडलात, म्हणजे जुनी वस्तू काढून नवी ठेवायचा तो चार ओळींचा तुकडा.

"पोरी, इथं बी तू तेच करायलीस. जुनं आधी सोडतीस. धरणारं कुणी उरलं न्हाई की मशीन ते पुसून टाकतं. आन् नवं म्हणून आलेलं तेच जुनं असलं, तर? आधी नवं धर, मग जुनं सोड."

दोन ओळी खालीवर केल्या. ॲप परत बंद पडलं नाही.

मुलाखतीत त्यांनी नेमकं त्याच ओळींवर बोट ठेवलं आणि हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. बाकीच्या मुली मोठ्या कॉलेजांतल्या होत्या. स्टँडमागचा क्लास सांगायची मला लाज वाटली. इंटरनेटवर बघून स्वतःच शिकले, म्हणाले. निवड झाली. फोनवर तुम्ही पगार विचारला नाहीत. "माझं नाव काढलंस का तिथं?" एवढंच विचारलंत. मी "हाव" म्हणाले.

तुम्ही आता नाही आहात, म्हणून तुमच्या मुलीला हे पाठवावं असं मनात होतं. पण मागच्या महिन्यात अहमदपूरला भेटली, तेव्हा ती शेजारणीला सांगत होती, पुण्याच्या कंपनीत आमच्या अब्बांचं नाव निघालं होतं, विचारा हिला. मी मान डोलावली.