घोलवडहून पाठवलेली ओटी

आई, आज तलासरीच्या ऑफिसात मी साहेबांशी भांडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, जीभ आवर. नाही आवरली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना सांभाळणाऱ्यांची विचारपूस करायची, हे माझं काम. उधव्याला एक सून आहे. तीन वर्षं सासऱ्याचं सगळं अंथरुणातच करते. फॉर्म भरताना मी विचारलं, काय मदत हवी? मला वाटलं, औषधं मागेल, नाहीतर गादी. ती म्हणाली, "ताई, एक दिस कोनी बसंल का बाबांजवळ? जत्रंला जाऊन देवीची ओटी भरायची हाय. तीन वरसं गेलेच नाय."

फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. एका दिवसासाठी कुणाला तरी पाठवा, असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, तिला नीट समजवा, सासऱ्याची सेवा हीच तिची पूजा. वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढच्या प्रशिक्षणात ते फळ्यावर लिहायचं ठरलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या आईला कुशीवर कोण वळवतं?" त्यांची बायको वळवते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

हे वाक्य मी आपल्या घोलवडच्या घरात ऐकत वाढले. आजी अंगणात पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि तू वाडीतलं चिकू निवडायचं काम सोडलंस. ते काम तुला आवडायचं, तिथे तुला चार बायका बोलायला होत्या, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला तू अजून तशीच दिसतेस. आजीला कुशीवर वळवतेस, पाठीला पावडर लावतेस, पेज भरवतेस. ती थुंकते, तू तोंड पुसून पुन्हा चमचा पुढे करतेस. आत्या येते, आजीच्या उशाशी पाच मिनिटं बसते, चहा पिते, चिकूची पिशवी भरून घेते आणि जाताना म्हणते, वहिनी, एवढी सेवा करतेस, तुला काशीला जायची गरज नाही. आणि हीच आत्या तुला देव्हाऱ्याला हात लावू देत नव्हती. दिवसभर घाणीत हात असतात म्हणे. म्हणून संध्याकाळचा दिवा मी लावायचे आणि तू मोरीच्या दारात उभी राहून, साबणाने दोनदा धुतलेले हात लांबूनच जोडायचीस. सेवा जर पूजा होती, तर तुझे हात देवाला चालेनात कसे? हे तिला बाबांनी विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस, त्याचा मला अजून राग आहे.

जत्रेला जायचं तू दर चैत्रात बोलून दाखवायचीस, आणि दर चैत्रात तुझी ओटी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून जायची. एकदा आजीच म्हणाली, "हिला जाऊ दे रे, मी काय एका दिसात मरत नाय." बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. त्या वर्षी तू मला विचारलंस, "तू बसशील का गं एक दिवस?" मी कॉलेजात होते, मैत्रिणी टेम्पोत बसून हाका मारत होत्या. मी म्हटलं, मला नाही जमणार. तू खण, तांदूळ, नारळ रुमालात बांधून माझ्या हातात दिलेस, वर सांगितलंस, घाई करू नको, नीट भर. परत आले तेव्हा मी तुझ्या हातावर बत्तासे ठेवले. तू एक आजीच्या तोंडात घातलास, मग एक स्वतःच्या, आणि बराच वेळ डोळे मिटून बसलीस.

उद्या मी रजा टाकली आहे. उधव्याला त्या म्हाताऱ्याजवळ मी बसणार, ती जत्रेला जाणार. पेज भरवता येते मला, तुझं बघून शिकले. तिच्याबरोबर तुझ्या नावाची ओटी पाठवावी म्हणून संध्याकाळी बाजारातून खण-नारळ आणला, पिशवीत ठेवला आणि परत बाहेर काढला. पुन्हा दुसऱ्याच्या हातून कशाला?

साहेबांवर ओरडले, आत्यावर इतकी वर्षं दात धरला, पण हे पत्र त्यांच्यासाठी लिहायला घेतलं नव्हतं. ते टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहवतंय. त्या वर्षी रांग पार रस्त्यापर्यंत आली होती, ऊन रणरणत होतं, आम्हाला पाळण्यात बसायचं होतं. बत्तासे मी जत्रेतल्या दुकानातून घेतले. तुझी ओटी देवीपर्यंत पोचलीच नाही, आई. नारळ आम्ही फोडून खाल्ला.