चिंधीसकट वजन

प्रिय ढब्ब्या,

आज मी इतकी खूश आहे की सकाळपासून दोनदा चष्मा शोधला आणि दोन्ही वेळा तो नाकावरच होता. का खूश, ते शेवटी सांगते, नाहीतर तू मधलं वाचायचा नाहीस. अक्षर समजून घे. शाळा दुसरीत सुटली, मग चाळीस वर्षं लाँड्रीत इस्त्री. इस्त्री सरळ चालते, पेन कुठलं चालायला.

घरचं ठीक. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते आणि भिंतीला सांगते, जेवून घ्या म्हणावं. तिचं काही चुकत नाही. तुझे लिफ्टवाले मुकादम येऊन गेले. सोमवारी कोर्टात काय होतं ते बघू, तोवर जागा राखतो म्हणाले. सुटका की तीन वर्षं, एवढंच आता माझ्या डोक्यात फिरतं.

गुडघ्यांचं विचारू नकोस. खालच्या नर्सबाईंनी दिलेला तो गांजाचा पाला तेलात उकळून चोळला की जरा बरं वाटतं. इकडे अर्धी इमारत चोळते. चौकीतला हवालदारसुद्धा आईसाठी नेतो. माझ्या धाकट्या बहिणीचे गुडघे माझ्याहून वाईट, असं ती म्हणते. लहानपणापासून तिला सगळं माझ्याहून जास्तच हवं. तुझं पुलापलीकडे काम निघालं, तर मीच म्हटलं, जाता जाता मावशीआजीला पुडी देऊन ये. आजी धंद्याला लागली म्हणून तू हसलास. पुडी सुटू नये म्हणून मी जुन्या परकराची जाड चिंधी गच्च बांधली. माझी मेलीची हौस. पलीकडच्या पोलिसांनी तुला धरलं आणि पुडीचं चिंधीसकट वजन केलं. वकील म्हणतो, चिंधी सोडली असती तर काटा कायद्याच्या मर्यादेखालीच राहिला असता. आणि तू म्हणालास, माझीच आहे. आजीचं नाव घेतलं नाहीस.

मी गप्प बसले असं समजू नकोस. पुरावा म्हणून उरलेला परकर घेऊन आधी आपल्या चौकीत गेले. साहेब हसले. म्हणाले, "आजी, एवढ्याशा पुडीसाठी आम्ही कागद खराब करत नाही." मग पुलावरून चालत पलीकडे गेले. चारशे पावलं, मधे दोनदा कठड्याला टेकले. कायद्याचं पुस्तक दोन्हीकडे एकच आहे म्हणे. मग अलीकडे हसतात ते काय, आणि पलीकडे बेड्या घालतात ते काय? तिथल्या पोलीसबाईंनी परकराकडे बघितलंसुद्धा नाही. नातवाच्या लाडापायी म्हातारी खोटं बोलते म्हणाल्या, जबाब तुमच्याकडच्या चौकीत द्या म्हणाल्या. आणि तू वकिलाला बजावलेलं, आजीला मधे आणायचं नाही. शहाणाच आहेस.

पण काल तुझं तुरुंगातून पत्र आलं. दोन ओळींवर काळी शाई फासलेली आणि खाली शिक्का, "वाचले". म्हणजे तुझ्याआधी तिथले साहेब वाचतात! तेव्हापासून मी खूश आहे. तर साहेब, हा माझा जबाब. पुडी माझी, पाठवली मी, पोरगं फक्त हमाल. पत्ता पाकिटावर आहे. सोमवारच्या आत न्यायला या. मी जिना हळू उतरते, तेवढं थांबा.

तुझीच, पूर्ण शुद्धीत असलेली,
आजी