बबडीच्या पेशी

४ फेब्रुवारी

बबडीच्या डिशमधलं मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ खाणं, पिवळं पडलं. शुक्रवारी गुलाबी घातलं होतं, आज बघते तर पार लिंबाचा रंग. बाकीच्या पेशंटांच्या डिश अजून गुलाबीच आहेत. हिच्या पेशींची भूकच तशी. साखर दिसली की फस्त, आणि मागे नुसता आंबट कचरा. लहानपणी सोफ्याखाली चॉकलेटचे कागद सापडायचे, त्याची आठवण झाली.

मीडियम बदललं. लॅबच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "स्वतःच्या मुलीच्या पेशी तुम्हीच सांभाळणार? जमेल?" म्हटलं, जमेल. वीस वर्षं दुसरं काय करतेय!

संध्याकाळी तिला फोन केला. उचलला नाही.

५ फेब्रुवारी

उचलला नाही.

७ फेब्रुवारी

तिच्या बाबाचा फोन मात्र उचलते. आज जेवताना सहज म्हणाला, "बबडीला नवी खोली मिळाली, खिडकी आहे म्हणे." मला खिडकीचं माहीत नव्हतं. भाजी वाढून घेतली.

होस्टेलवर जायच्या आदल्या दिवशी ती आपणहून आमच्या लॅबला लागून असलेल्या दवाखान्यात आली होती. कोपरावरच्या चट्ट्यातून डाळीएवढा तुकडा काढू दिला. टाका पडला तरी हूं नाही की चूं नाही. पेशी संशोधनाला द्यायच्या संमतीवर सही केली आणि मला म्हणाली, "घे. आता याच्याकडे बघत बस." मी हसले होते. मला वाटलं, थट्टा करतेय.

चौदाव्या वर्षी सोरायसिस सुरू झाला. तेव्हापासून अंगाला हात लावू देत नाही. आधी म्हणायची दुखतं, मग म्हणायची कपड्यांना कोंडा लागेल, मग काहीच म्हणेनाशी झाली. मी जवळ गेले की एक पाऊल मागे. इतकं सहज, की बाहेरच्याला कळणारही नाही.

१० फेब्रुवारी

तिचं कपाट उघडलं. उगीचच. पूर्ण बाह्यांचे सगळे शर्ट इथेच टांगलेत. एकही नेला नाही. मग घालते काय तिथे?

तिचा बाबा म्हणाला, "अर्ध्या बाह्यांचे घालत असेल. चांगलंच आहे की."

चांगलंच आहे. पण ती तशी वावरते हे मी पाहिलेलं नाही. वर्गातली मुलं रोज पाहतात.

१२ फेब्रुवारी

आज मीडियम गुलाबी राहिलं!

जे शोधतोय ते एकदा सरळ लिहून ठेवते. सगळ्यांना वाटतं, त्वचा म्हणजे भिंत, आणि भांडण करतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. पण भिंतच आधी हाका मारते. चट्ट्यातली पेशी अधाशासारखी साखर ओढून घेते, त्या जोरावर भराभर वाढते आणि वाढता वाढता पांढऱ्या पेशींना आवतण धाडते. त्या येतात, आग लावतात. आगीने पेशी आणखी भुकेजते, आणखी हाका मारते. हे असंच फिरत राहतं. आम्ही औषध घालून फक्त साखर आत घेण्याची वाट अर्धी बंद केली. बबडीच्या पेशी शांत झाल्या. शेजारी सोडलेल्या पांढऱ्या पेशी जागच्या हलल्या नाहीत. सगळ्या पेशंटांमध्ये हिचाच निकाल सगळ्यात स्वच्छ.

मॅडमनी पुन्हा पुन्हा बघितलं. "डिशमध्ये झालं म्हणजे माणसात झालं असं नाही हं," म्हणाल्या. पण चहा त्यांनीच पाजला.

कुणाला तरी सांगायचं होतं. एकीलाच सांगायचं होतं.

१३ फेब्रुवारी

दुपारी तिचा फोन! आपणहून. कॉरिडॉरमध्ये धावत जाऊन घेतला.

"आई, माझं ते सँपल अजून आहे?"

मी सुटलेच. साखर, हाका, पांढऱ्या पेशी, कालचा निकाल — श्वास न घेता बोलत होते. ती ऐकत होती. इतका वेळ तिने माझं कधी ऐकलं नव्हतं.

मग म्हणाली, "ते टाकून दे."

"अगं, पण कालच तर —"

"सही घेताना सांगितलं होतं ना, कधीही नाही म्हणता येतं? मग मी आता नाही म्हणतेय."

कारण विचारलं. "तू आत्ता किती खूश होतीस, आई. माझ्याशी बोलताना इतकी खूश कधीच नसतेस. मी दारात आले की तू आधी माझी कोपरं बघतेस. तोंडाकडे नंतर."

मी फोन दुसऱ्या कानाशी धरला.

"शनिवारी ये इकडे," म्हणाली. "क्रीम, औषधं, कागद, काही आणू नकोस. नुसती ये."

१४ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण लगेच म्हणाल्या, "तिची इच्छा. प्रश्नच येत नाही. मी टाकू का?"

नको म्हटलं. गोठवलेल्या कुप्या काढल्या, इन्क्युबेटरमधल्या डिश काढल्या. शेवटचं एकदा मायक्रोस्कोपखाली बघावं असं फार वाटलं. नाही बघितलं. ब्लीच ओतलं. गुलाबी रंग हळूहळू उडाला आणि पाण्यासारखं झालं. सिंकपाशी उभीच राहिले. ऊब देऊन, खाऊ घालून जे जगवलं होतं, ते तिचं एवढंच माझ्याजवळ होतं.

बाकीच्या पेशंटांच्या डिश उद्यापासून लॅबमधली दुसरी मुलगी बघेल. काम थांबणार नाही.

बसचं तिकीट काढलं. बॅगेत मलम ठेवलं, काढलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं.

१५ फेब्रुवारी

तिच्या खोलीवर. खिडकी मोठी आहे. जेवलो, फारसं बोललो नाही. आत्ता तिने तिच्या मलमाची ट्यूब माझ्या हातात दिली, शर्ट वर केला आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

पाठीला हात पोचत नाही, म्हणाली.