मावशीचा संवेग

बुधवारा, बऱ्हाणपूर
ऑक्टोबर १९५६

ति. शालिग्रामदादांस धाकटा मावसभाऊ वसंत याचा शिरसाष्टांग नमस्कार. निंबोल्यात आपली व वहिनींची तब्येत ठणठणीत असेल, केळीही यंदा जोमात असेल. इकडे राजधानी नागपूरहून भोपाळला जाणार म्हणून सगळं गाव बेचैन आहे. मला मात्र आपल्या मातोश्रींखेरीज दुसऱ्या कशाची काळजी करायला फुरसत नाही.

आपल्या शोभाचं (म्हणजे माझ्या बहिणीचं) लग्न जुळवायला मावशी इथे आली, हे आपण जाणताच. गुरुवारी मुलाचे वडील सुकलालजी यांच्याकडे बोलणी करायला निघालो, तर टांगा मिळेना. मावशी म्हणाली, सायकलवर बसते. मी पडलो विज्ञानाचा मास्तर, आधी नीट समजावलं : वस्तुमानाला वेगाने गुणलं की संवेग होतो. मी एकटा ज्या वेगाने उतार उतरतो, त्याच वेगाने दोघं उतरलो तर संवेग तिप्पट होईल (मावशीचं वस्तुमान मी अदबीने कमीच धरलं होतं) आणि ब्रेक मात्र तेवढाच राहील. तेव्हा वेग तिसऱ्या हिश्शावर आणायचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कॅरियरवर बसली.

उतारावर मी ब्रेक दाबून मुंगीच्या चालीने निघालो. मावशी म्हणाली, "असा चालवशील तर तिकडे चहा ठंडा होईल. सोड तो बिरेक." मोठ्यांचा शब्द मोडायची आपल्या घरात रीत नाही. सोडला. मग लगेच दाबलाही, पण त्याचं रबर निखळून मागे राहिलं. वाटेत एक शेळी होती, ती बाजूला झाली. भिकन रंगारी रंगाच्या नांदेपाशी उभा होता, तोही बाजूला झाला. नांद झाली नाही.

दोघंही नखशिखान्त हिरवे. मी म्हटलं, घरी जाऊ. मावशीने पदर पिळला. "पोरीची बात पक्की केल्याबिगर मी माघारी जात नाही." तशीच निथळत ती सुकलालजींच्या ओसरीवर चढली आणि ब्रेक आपणच सोडायला लावला, इथपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. सुकलालजींच्या पत्नी गोदाबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "या अवस्थेत खरं बोलणाऱ्यांची पोर डोळे मिटून करावी." तिथेच सुपारी फुटली. घरी शोभाने माझे हिरवे कान पाहिले, तोंड दाबलं आणि आत जाऊन रडली. आपली भावजय लीला म्हणते, आनंदाने.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

आपला,
वसंत

ता. क. : लग्नाच्या तयारीला आपण सवडीने यावं. घाई नाही.

आणखी ता. क. : घाई आहे. मावशीने सायकल दुरुस्त करून आणली आणि आता स्वतः चालवायला शिकते आहे. मागे वजन हवं म्हणून मला कॅरियरवर बसवते. उद्या भर बाजारातून जायचं म्हणते. वहिनी आजारी आहेत अशी तार करून तिला बोलावून घ्या. वहिनी तयार नसतील तर आपण आजारी पडा.