फ्रिजवरचा कॅमेरा

अरिहंत,

मी साताऱ्याला आईकडे जातेय. वरण-भात झाकून ठेवलाय, सूर्य मावळायच्या आत जेवून घे, आपल्या जैन घराचा नियम मोडायला नको.

फ्रिजवरचा कॅमेरा चोरांसाठी आहे, असं तू सांगितलं होतंस. रविवारी तुझ्या आत्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर मला विचारलं, "काय गं त्रिशला, अंधारात उपमा लय गोड लागतो व्हय?" पेपरची पानं छपाईला गेल्याशिवाय मला ऑफिस सोडता येत नाही, हे तुला माहीत आहे. तरी तू त्यांच्या मोबाईलवर कॅमेरा जोडून दिलास. मी आईशी फोनवर रडले, तेही त्यांनी ऐकलं आणि तुझ्या बहिणीला सांगितलं.

एकाच बाजूची बातमी मी कधी छापायला देत नाही. म्हणून काल जुनं रेकॉर्डिंग काढून पाहिलं. अनंत चतुर्दशीचा तुझा कडक उपवास होता, आत्यांनी त्याचं मंदिरात कौतुक केलं होतं. त्याच संध्याकाळी, त्या अजून मंदिरातच असताना, तू दिवा लावून ओट्यापाशी बटाटेवडे खातोयस, वर लसणाची चटणी. तोंडात घास असताना मित्राला फोनवर सांगतोयस, "म्हातारीला काय कळतंय? ती आमच्या हिच्यावर नजर ठेवण्यात गुंग हाय."

मी त्यातलं काही कापलं नाही, कुणाला पाठवलंही नाही. आत्यांना फक्त त्या रेकॉर्डिंगची तारीख कळवली.

चिठ्ठी मुद्दाम फ्रिजला लावली आहे. वाचताना चेहरा सांभाळ, त्या बघत असतील.

त्रिशला