जुन्या राशीचं मीठ

ता. ११ मार्च १९५४
जंगल कॅम्प, बालाघाटच्या पुढे

तीर्थरूप गुणाजीकाकांना मारुतीचा साष्टांग नमस्कार. रखमाकाकूंना नमस्कार, तुमच्या शीलाला आशीर्वाद. मी इकडे ठीक आहे, पोट सोडून. तुम्हीही सगळे खुशाल असाल असं पुढे लिहायची रीत आहे, पण हात धजत नाही.

सोमवारी नवीन साहेब येतोय. आधी आफ्रिकेत शिकार करून आलाय, म्हणून इथल्या शिकारीलाही सफारी म्हणायचं, अशी विश्रामशेठची ताकीद आहे. नाव काहीही द्या, पेट्या मलाच भरायच्या. पहिली पेटी त्या लाकडी संडासाच्या खुर्चीची. ठाण्याच्या गोदामात ती बघून तुम्ही म्हणालेलात, "यांना वाघ मारायचाय का परसाकडं बसायचाय?" तेव्हा पोट धरून हसलेलो. आता मागच्या साहेबाने वापरलेली तीच खुर्ची राखेने घासताना हसू येत नाही.

मटणाचे डबे उन्हाने फुगलेत. एक फुटला, त्याचं पाणी सगळ्या उशांवर. शेठ म्हणतो उशा पालथ्या करून घाल. तंबूच्या कापडाला जुन्या रक्ताचा वास आहे, तो कशाने जात नाही. आणि यादी बघा: कंदील सहा, उशा आठ, रेडकं चार. म्हशीची जिवंत पिल्लं, कंदील आणि उशांच्या रांगेत. वाघाला आमिष म्हणून झाडाखाली बांधायची. त्यातलं एक आज माझा हात चाटत होतं, हाताला मीठ लागलेलं म्हणून. मी हात काढून घेतला आणि झाडामागे जाऊन ओकलो.

मिठाचं लिहायचं नव्हतं एवढ्यात. पण आलंच.

शेठने या शिकारीच्या धंद्यात तुम्हाला कातडी खारवायला घेतलं, ते कोलशेतच्या मिठागरात जन्म गेलेला माणूस म्हणून. आणि मला पेट्या भरायला घेतलं ते तुमच्या शब्दावर. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला दोन पत्र्याचे डबे देऊन मिठागरावर पाठवलंत. म्हणालात, "जुने राशीचा आन रं, गवताखालचा. नवा मीठ रडतं." मी देशावरचा, मला वाटलं म्हातारा उगाच काहीतरी बोलतोय. मीठ कधी रडतं का? गवताने झाकलेली जुनी रास बांधाच्या पार टोकाला, मध्ये गुडघाभर चिखल. त्या काळ्या चिखलाची मला किळस यायची. पायात नवे पांढरे बूट, ठाण्याच्या बाजारातून आदल्याच दिवशी घेतलेले. गाडीवाटेशेजारी नवी रास होती, पांढरीशुभ्र, उघडी. तिथूनच डबे भरले.

तुम्ही विचारलंत, "जुन्यातलाच ना?" मी म्हटलं, "हो काका." तुम्ही झाकण उघडूनही बघितलं नाहीत.

इथे वाघ पडला आणि डबे उघडले, तर अर्ध्या डब्यात पाणी. नवं मीठ रडलं होतं. तुम्ही बोट बुडवून जिभेला लावलंत आणि माझ्याकडे बघितलंत. एकदाच. मग उरलेला चिखलासारखा गाळ त्या कातड्यावर चोळत दिवस मावळेपर्यंत बसलात. मोटार बाहेर गेलेली, बाजार दोन दिवस बैलगाडीच्या वाटेवर, दुसरं मीठ आणायचं कुठून? तिसऱ्या दिवशी केस मुठीमुठीने सुटायला लागले. पोटाकडच्या बाजूला किडे झाले. तो वास अजून माझ्या भातात येतो.

साहेब पाय आपटत होता. शेठने सगळ्यांना उभं करून विचारलं, "मीठ कोणी भरलं?"

तुम्ही म्हणालात, "मीठ माझा. मीच बघितला नाय."

"जन्म मिठात गेला आणि मीठ कळत नाही? घरी जा, बायकोला विचार आमटीत किती घालायचं!"

सगळे हसले. काका, मीपण हसलो. सगळ्यांत मोठ्याने. तुम्ही वळकटी बांधून जात होतात आणि मी दात काढून उभा होतो. ते हसणं मला रोज ऐकू येतं. कुजल्या कातड्याची आली नाही इतकी शिसारी मला माझ्या त्या दातांची येते.

धाकू ड्रायव्हर ठाण्याला सामान आणायला गेलेला, तो परवा परत आला. म्हणाला, मिठागराच्या मुकादमाने तुम्हाला या हंगामात कामावर घेतलं नाही. "मीठ न कळणारा माणूस राशीवर कशाला?" म्हणाला. बांधावरची पोरंही तुम्हाला चिडवतात. आणि एवढं होऊनही तुम्ही माझं नाव कोणाला सांगितलेलं नाही. काकूंनाही नाही.

काल शेठसमोर जाऊन सगळं ओकलो. तो पान लावत होता. म्हणाला, "आता सांगून काय उपयोग? म्हातारा घरी गेला, तू हाताशी आहेस. तुला हाकललं तर पेट्या कोण भरेल?" शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. माझ्या खरं बोलण्याला इथे काडीची किंमत नाही. तिकडे आहे.

म्हणून काका, हे पत्र घरात ठेवू नका. मुकादम आणि सगळी माणसं बांधावर असतील तेव्हा शीलाला तिथे घेऊन जा, तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. शीला, तिसरी शिकलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे. पण एक ओळ गाळू नकोस. हसलो ती तर मुळीच नको. दोनदा वाच.

पेट्या अर्ध्या भरून सोडल्यात, उरलेल्या शेठने भराव्यात. रेडकं सकाळी गावात ज्याची त्याच्या दावणीला सोडून येतो आणि निघतो. पत्र आजच टपालाच्या माणसाकडे देतोय, मी स्टेशनपर्यंत चालत जाणार, म्हणजे ते माझ्या आधी पोचेल. मी मला ओळखतो. कुठे चार महिने टिकलो नाही, कल्याणला गाडी थांबली की उतरून भलतीकडे जाईन. पण तोवर तुम्ही सगळ्यांनी हे वाचलेलं असेल, म्हणजे मला यावंच लागेल.

दारात उभं करायचं की नाही, ते काकू ठरवतील.

तुमच्यावर हसलेला,
मारुती