एर्झी आजींचे एक वाक्य आणि बाकी मालमत्ता

मी, हेमचंद्र गोपाळ सोमण, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त भाषा-संशोधक, राहणार इचिकावा, चिबा प्रांत, जपान, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांच्याबद्दल विचारत नाही. कोणाचे दडपण नाही. बायको तीन वेळा "लिहून टाका एकदाचे" म्हणाली, ते दडपण धरू नये. इथल्या कायद्याला सगळे स्वहस्ताक्षरात आणि शिक्क्यासह लागते, आपल्याकडे दोन साक्षीदार लागतात. दोन्हीकडचे सांभाळले आहे.

१. इचिकावातील राहता फ्लॅट आणि बँकेत जे काही असेल ते पत्नी सौ. जयंती हिला. निशी-कसाईच्या किराणा दुकानात सोळा वर्षे तिने उभ्याने बाइतो (तासांच्या पगाराची नोकरी) केला, म्हणून मला बसून संशोधन करता आले. हे तिला तोंडावर सांगायचे राहून गेले, ते इथे नोंदवतो.

२. मुलगी कस्तुरी हिला माझे लिहायचे टेबल आणि तिच्या आजीची चांदीची वाटी. वह्याही तिला द्यायच्या होत्या. ओसाकाहून आली तेव्हा विचारले, "माझ्या वह्या ठेवशील का गं?" ती फोनवरून नजर न काढता म्हणाली, "मुरी." म्हणजे जमणार नाही. तिचे घर लहान आहे आणि तिला मराठी वाचता येत नाही. दोन्हींत तिचा दोष नाही.

३. शैलेंद्र केळुसकर यांनी १९९८ साली "दोन दिवसांसाठी" नेलेला माझा हंगेरियन शब्दकोश त्यांनाच दिला असे समजावे. अंत्यविधीला येऊन त्यांनी माझ्या विद्वत्तेवर भाषण करू नये, एवढीच अट.

४. पुस्तके विद्यापीठ घेणार नाही. मी विचारून पाहिले. ती दोरीने बांधून कागदाच्या रद्दीच्या वारी इमारतीखाली ठेवावीत. दोरी प्लास्टिकची नको, नाहीतर कचरा-समितीच्या बाई गठ्ठा तसाच ठेवून वर चिठ्ठी चिकटवतील, आणि मेल्यावरही माझ्या नावाने चिठ्ठी नको.

५. मात्र निळ्या पुठ्ठ्याच्या एकतीस वह्या रद्दीत घालू नयेत. त्या केत्कूत गावाच्या आहेत. त्या तिथल्या शाळेकडे पाठवाव्यात. खर्च इस्टेटीतून करावा.

केत्कूत म्हणजे काय, हे जयंती सोडून कोणाला माहीत नाही, आणि तीही ऐकून थकली आहे. पुण्याचे नातेवाईक विचारत, "जपानला जाऊन हंगेरियन शिकलास?" शिकलो खरा, तोक्योत, एका जपानी सरांकडून. बहुभाषिक गावाचा अभ्यास करायला बहुभाषिक देशातला माणूस बरा, म्हणून त्यांनी मला १९८७ साली तिकडे पाठवले.

दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी सदतीस हंगेरियन बोलणारी कुटुंबे तंबाखू लावायला बानातच्या दलदलीत येऊन बसली. आज तो भाग सर्बियात आहे. त्यांनी दोन विहिरी खणल्या आणि गावाला तेच नाव दिले. केत्कूत म्हणजे दोन विहिरी. मागून जर्मन कारागीर आले, मग स्लोव्हाक, मग सर्ब. प्रत्येकाने गावाचे नाव आपल्या भाषेत करून घेतले, विहिरी मात्र त्याच राहिल्या. आणि एक पद्धत होती: उन्हाळ्यात मुलांची अदलाबदल. हंगेरियन घरातली मुलगी जर्मन घरात राहायची, त्यांचा मुलगा हिच्या घरी. भाषा यावी म्हणून. मुले परत यायची तेव्हा त्यांना दोन आया असायच्या.

गावातल्या हंगेरियन घरच्या एर्झी आजी अशाच एका जर्मन घरात पाच उन्हाळे राहिल्या होत्या. चव्वेचाळीसच्या शेवटी युद्ध उलटले, नव्या सत्तेचे सैनिक गावात आले आणि घराघरातल्या कर्त्यांना शाळेत बोलावून विचारले, जर्मन घरे कोणती? वडील आजारी म्हणून एकोणीस वर्षांची एर्झी गेली होती. नावे दिली गेली. आठ दिवसांत सगळे जर्मन छावणीत नेले. पाच उन्हाळ्यांची आईही नेली. ती परत आली नाही.

आजींनी मला हे सांगितले तेव्हा टेप चालू होती आणि मी वहीत टिपतही होतो. घाईत माझी वही खिचडी असे: कानावर पडलेला शब्द तसाच देवनागरीत, पुढचे मराठीत. त्या पानावर आहे: "मी नावे दिली."

हंगेरियनमध्ये "मि" म्हणजे आम्ही.

तीन वर्षांनी, इथे, टेप न लावता, मी वहीवरून पुस्तक लिहिले. माझ्याच अक्षरातले वाक्य मी मराठी म्हणून वाचले. "दिली" या क्रियापदाने मला अडवले नाही. आपल्याकडे एकाने दिली तरी दिली आणि गावाने दिली तरी दिलीच. पुस्तकात छापले गेले, की एर्झीने नावे दिली. ज्या घरात वाढली त्याच घराचे नाव तिने दिले, यावर मी एक हृदयस्पर्शी परिच्छेदही लिहिला. त्याचे कौतुक झाले. पुस्तकाचा हंगेरियन अनुवाद झाला आणि गावात पोचला.

१९९६ साली त्यांची नात इलोंका हिचे पत्र आले. आजींशी लोक बोलत नाहीत, परदेशातून येणारी जर्मन माणसे दारावर थुंकून जातात, आजी विचारते, असे का लिहिलेत? मी उत्तर दिले की माझी वही साक्षीला आहे. सही ठोकली आणि पाठवले. आजी २००४ साली गेल्या.

२०१३ मध्ये विद्यापीठाने जुन्या टेपांच्या प्रती काढल्या, तेव्हा मी कानाला लावून ऐकले. आजी म्हणतात, "मि ऑत्तुक." आम्ही दिली. एकटीने दिली असती तर त्या "ऑत्तॉम" म्हणाल्या असत्या. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी चुकणार नाही. मी बारा वर्षे गप्प बसलो. लाज वाटत होती, दुसरे काही कारण नाही. आधी निवृत्तीनंतर सांगू म्हटले, मग मोतीबिंदूनंतर, मग करोनानंतर.

६. (या कलमातील सहा ओळी मी स्वतः खोडल्या आहेत. शेजारी सही व शिक्का. काय होते ते झाकायचे नाही म्हणून लिहितो: माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत चुकीची कबुली देणारे पत्र आणि मूळ टेप इलोंकाला पाठवावी, असे होते.)

खोडायचे कारण असे. साक्षीदार म्हणून समोरच्या इमारतीतल्या सुनीता भागवत इथवरचा मजकूर वाचत होत्या. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण त्या फॉर्मवर सहीसुद्धा वाचल्याशिवाय करत नाहीत. या कलमापाशी थांबल्या.

"काका, म्हणजे तुम्ही गेल्यावर सॉरी म्हणणार?"

"कायद्याने मृत्युपत्र तेव्हाच लागू होते."

"ते ओके. पण मग त्या बाई रागावणार कोणावर? जयंतीकाकूंवर?"

जयंती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला हंगेरियन येत नाही. मी ऐकून घेणार नाही."

मला दोघींचा राग आला. संध्याकाळी पाच वाजता, तिकडे सकाळचे नऊ, फोन लावला. इलोंका आता पन्नास वर्षांची आहे. मी नाव सांगून सुरुवात केली. मी सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "आजी 'आम्ही' म्हणते, हे ऐकू येते?"

"येते."

"थांबा." तिने खिडकीतून कोणाकोणाला हाका मारल्या. खुर्च्या ओढल्याचे आवाज आले. "लावा."

मी लावली. ती म्हणाली, "पुन्हा." चार वेळा लावली. चौथ्यानंतर एक म्हातारा सर्बियनमध्ये म्हणाला, "शाळेत माझा बापही होता." मग एक बाई स्लोव्हाकमध्ये म्हणाली, "आमचाही." माफ केले असे इलोंका म्हणाली नाही आणि मी विचारले नाही. ती म्हणाली, टेप पाठवा.

७. दुरुस्ती माझ्या नावाने, मी जिवंत असताना छापावी, असे प्रकाशकाला आज कळवले आहे. टेप आज सकाळी स्टेशनजवळच्या पोस्टातून रवाना झाली. ती माझी नव्हती. माझ्यामागे मालमत्तेची यादी करताना ती तीत धरू नये.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि खाली सही केली.

हेमचंद्र गोपाळ सोमण (सही व शिक्का)

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली:
१. सुनीता देवदत्त भागवत, इचिकावा (पूर्ण वाचून)
२. अंबरीष मोरेश्वर टिपणीस, कोतो, तोक्यो

स्थळ: इचिकावा
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५